राव्दनाने बांधलेली गाठ

"तिने गाडी तापवून मारली, राव्दना. यात शोधायचं काय आहे?"

"मेलेली गाडी अशी धडधडत नसते, दादा. ऐकू येतंय ना, का कानातही बर्फ गेलाय?"

"मग आतलं कूलंट गेलं कुठे?"

"तेच बघतेय. तू आधी दारातून बाजूला हो. सगळा उजेड पाठीवर घेऊन उभा आहेस."

हेयका बाजूला झाला, पण गेला नाही. शेगडीजवळच्या ओंडक्यावर बसला, कमरेच्या सुरीने चीजचा तुकडा कापून कॉफीत टाकला आणि बहिणीच्या बुटांकडे बघत राहिला. राव्दनाचं तेवढंच दिसत होतं. बाकीची ती बर्फगाडीखाली होती.

"गेलं कुठे म्हणजे वाफ होऊन गेलं," तो म्हणाला. "आणि वरून त्या पोरीने तळ्याचं पाणी ओतलं. कूलंटमध्ये तळ्याचं पाणी."

"मग काय कॉफी ओतायला हवी होती?"

"दामटली तिने. पहिल्यांदाच पुढे राहिली आणि हवा डोक्यात गेली. आज रात्री लेमेत पुढे राहील. ठरलंय."

गाडीखालून पाना खाली पडल्याचा आवाज तेवढा आला.

एप्रिल संपत आला होता. या दिवसांत दिवसा उन्हाने बर्फ भिजल्या पिठासारखा मऊ होतो आणि रात्री त्याच्यावर कडक पापुद्रा धरतो, म्हणून कळप रात्री चालतो आणि माणसं दिवसा झोपतात. रेनडिअरच्या गाभण माद्यांना वीण सुरू व्हायच्या आत किनाऱ्याकडच्या कुरणांत पोचवायचं असतं आणि वाटेत रुक्सेयाव्रीचं तळं आडवं पडलेलं असतं. परवाच्या रात्री त्याच तळ्याच्या मधोमध कळपाच्या पुढे असलेल्या भाचीची, सुन्नाची, गाडी उकळून बंद पडली. पुढची गाडी थांबली म्हणून मागचा कळप उभा राहत नाही, तो स्वतःभोवती फिरायला लागतो. फिरता फिरता एक टोक सुटलं आणि तळ्याच्या अरुंद तोंडाकडे गेलं, जिथे खालून प्रवाह वाहतो आणि बर्फ पातळ असतो. तीन माद्या खाली गेल्या. पोटातल्या पिल्लांसकट.

उरलेला कळप अलीकडच्या काठावर अडवून धरलेला होता. तळं आता फार थांबणार नव्हतं, आज रात्री निघणं भाग होतं. पुढे कोण राहणार हे हेयकाने ठरवायचं, कारण कळपातला तो थोरला. आणि ज्याच्या हातून पुढची जागा एकदा गेली त्याला ती परत मिळालेली इथे कोणी पाहिलेली नव्हती. सुन्ना चोविशीत होती. लेमेत हेयकाचाच मुलगा होता, स्वभावाने गरीब, आणि त्याला स्वतःला पुढे राहायची हौस नव्हती. तो बापाला नाही म्हणू शकत नव्हता, एवढंच.

राव्दना सरपटत बाहेर आली आणि इंजिन बंद करून उकिडवी बसली. पन्नाशी उलटलेली, रुंद हाडाची बाई. उजव्या हाताची दोन बोटं टोकाला पांढरट आणि बधिर, लहानपणीच्या एका थंडीने चावलेली. त्या बोटांना स्पर्श कळत नसे, पण गळती कळते असं लोक म्हणत. वडिलांनी पहिली बर्फगाडी आणली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. गाडी पहिल्याच हिवाळ्यात बंद पडली. शहर लांब, वडील चिडखोर. त्यांनी रेनडिअरचं कातडं अंथरलं, इंजिन उकलून त्यावर मांडलं आणि दोन दिवस शिव्या देत बसले. तिसऱ्या दिवशी राव्दनाने एकेक तुकडा उचलून जागच्या जागी बसवला. वडील म्हणाले, "चला, ही घरी बसून कामाची." कौतुकच होतं ते. पण त्या दिवसापासून ती घरीच बसली. हेयका कळपाच्या पुढे राहिला, मागे बाकीचे भाऊ, आणि ती शेडमध्ये. पंचक्रोशीतली गाडी बिघडली की तिच्याकडे यायची आणि तिच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत यायची नाही. हा तिचा लौकिक. बर्फावर कळपाच्या पुढे एकटं असताना कसं वाटतं, हे तिने आयुष्यभर फक्त ऐकलं.

म्हणून तर यंदा ती भावाशी महिनाभर भांडली होती. बहीण गाद्जा गेल्यापासून तिची मुलगी सुन्ना राव्दनाकडेच वाढलेली. पोरीची नजर चांगली, हात हलका, जनावरं तिच्या आवाजाला येत. "यंदा सुन्नाला पुढे ठेव," राव्दनाने धोशा लावला. शेवटी हेयका म्हणाला होता, "ठेवतो, पण गाडीची जबाबदारी तुझी." ती म्हणाली होती, "माझीच."

"ऑइल बघितलंस?" हेयकाने विचारलं.

"बघितलं. दुधाळ नाही. म्हणजे पाणी इंजिनाच्या पोटात गेलेलं नाही."

"गॅस्केट?"

"इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत नाहीत, धूर पांढरा नाही, गोड वास नाही. गॅस्केट तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"पाइप?"

तिने टाकीच्या तोंडावर हातपंप बसवला, हवा भरली आणि काटा त्याच्याकडे वळवला. "हे बघ. कॉफी संपेपर्यंत हा काटा हलला तर कुठेतरी गळतंय. नाही हलला तर कुठेही गळत नाही."

हेयकाने मुद्दाम सावकाश कॉफी प्यायली. तळाचं चीज चमच्याने काढून खाल्लं. काटा जागचा हलला नाही.

राव्दनाला तो हलायला हवा होता. दोन दिवस ती हेच मागत होती. कुठेतरी एखादी क्लिप सैल निघू दे, पंपाखालच्या भोकातून एक थेंब येऊ दे, बसायच्या जागेखालच्या पत्र्याला चीर सापडू दे. इतक्या गाड्यांत इतक्या गळत्या सापडल्या, एक इथे सापडली तर काय बिघडतं.

"आता?" हेयका म्हणाला.

"थर्मोस्टॅट राहिलाय."

तापल्यावर कूलंटला वाट उघडून देणारा तो भाग तिने सोडवला, तारेला अडकवला आणि शेगडीवरच्या काळ्या किटलीत सोडला.

"त्या किटलीतली कॉफी मी प्यायचा नाही हं."

"ही कॉफीची नाही. कॉफीची ती, तुझ्या पायाशी. तू मघाशी कुठल्या किटलीतून ओतून घेतलीस?"

हेयकाने पेल्यात डोकावून पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. एरवी हसली असती.

पाणी उकळीला आलं तशी थर्मोस्टॅटची चकती उघडली. बाहेर काढल्यावर गार होऊन मिटली. तोही निर्दोष. उरला तो फक्त टाकीच्या वरच्या तोटीखालचा वाळलेला हिरवा ओघळ. कूलंट गळलं नव्हतं. उकळलं होतं, उतू गेलं होतं, दूध उतू जातं तसं.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," हेयका म्हणाला. "तापवली."

"तापली," राव्दना म्हणाली. "तापवली आणि तापली यात फरक आहे."

"काय फरक आहे?"

ती थर्मोस्टॅट पुसत राहिली. हेयकाला कळपाकडे जायचं होतं. तो उठला, टोपी घातली आणि दारात थांबून म्हणाला, "कूलंट बदलून ठेव. रात्री लेमेतला हीच गाडी देतो. आणि पोरीला तू सांग, माझ्याकडून ऐकायला तिला बरं वाटणार नाही." आणि गेला.

शेडमध्ये ती आणि गाडी उरली. बर्फगाडीला बर्फच थंड ठेवतो. मागचा रबरी पट्टा फिरताना बर्फ उडवतो, तो बसायच्या जागेखालच्या पत्र्यांवर बसतो आणि पत्र्यांतून फिरणारं कूलंट गार होतं. पण वाऱ्याने झाडून नेलेल्या तळ्यावर उडवायला असतं काय? नुसती काच. त्यासाठी मागच्या बाजूला दोन जाड तारा असतात. लोक त्यांना नखं म्हणतात. ती बर्फ खरवडतात आणि त्याचा चुरा पत्र्यांवर उडतो. नखांची एकच अडचण, गाडी मागे घेताना ती वर उचलून अडकवावी लागतात, नाहीतर वाकतात. राव्दनाच्या शेडला एकच दार. गाडी तोंडाने आत येते आणि मागे घेतच बाहेर काढावी लागते. नखं अडकवायची कडी थंडीत गोठते, म्हणून राव्दना ती रेनडिअर पकडायच्या फाशाच्या नारिंगी दोरीने वर बांधते आणि गाडी बाहेर आली की दोरी सोडते. हजार वेळा बांधली, हजार वेळा सोडली.

परवा सोडली होती का?

त्या दिवशी तिने गाडी बाहेर घेतली, उतरली आणि एकदम तिला गाद्जाचा कमरेचा पट्टा आठवला. लाल-पिवळा विणलेला, पेटीच्या तळाशी ठेवलेला. आईचा पट्टा पोरीच्या कमरेला असावा, पहिल्यांदाच पुढे राहतेय. ती घरात पळाली, पट्टा आणला, स्वतःच्या हाताने बांधला. दोघींचे डोळे भरून आले. सुन्नाने विचारलं, "गाडी तयार ना, मावशी?" आणि ती म्हणाली, "डोळे मिटून जा."

हे सगळं आठवत होतं. दोरी सोडल्याचं मात्र आठवत नव्हतं. गाडी उकळल्याचं कळलं तेव्हा तिला पहिल्यांदा आठवली ती हीच दोरी. पण लेमेतने गाडी ओढत आणली, सुन्नाने ढकलत शेडमध्ये घेतली, आणि राव्दना वाकून बघते तर नखं खाली होती. तिला हायसं वाटलं होतं. खाली आहेत म्हणजे आपण सोडली असणार. हाताची सवय, दुसरं काय. दोन दिवस ती त्या हायसं वाटण्याला धरून होती आणि ते रोज थोडं थोडं झिरपत होतं. कुठून झिरपतंय ते तिला ठाऊक होतं. तिने सगळी गाडी तपासली होती, फक्त ती एक जागा सोडून.

आता तिने दिवा घेतला आणि गाडीच्या मागे आडवी झाली.

नखं नवीन होती. तिनेच त्याच आठवड्यात बसवली होती, काळा रंग दिलेली. तळ्यावर अर्ध्या वाटेपर्यंत जी नखं बर्फ खरवडत गेली ती टोकाला चांदीसारखी घासलेली हवीत. तिने बोट फिरवलं. बधिर नव्हे, दुसऱ्या हाताचं. टोकाला रंग तसाच होता. गुळगुळीत, काळा. या नखांनी बर्फ पाहिलाच नव्हता.

म्हणजे ती वर बांधलेलीच होती, तळ्यावर सबंध वेळ. आणि शेडच्या दारात कोणीतरी ती सोडली. गाडीला तेव्हा दोघांचेच हात लागले होते. लेमेत तर फाटकापाशीच ओढायचा दोर सोडून कळपाकडे पळाला होता.

राव्दना तशीच पडून राहिली. खालून जमीन गार लागत होती. त्यांच्या घरात एक रीत होती, वडिलांनी घातलेली. थोरांनी बांधलेली गाठ धाकट्याने ओढून बघायची नाही. घसरगाडीवर सामान बांधलं, रेनडिअरला जुंपलं, फासा गुंडाळून दिला की मुकाट घ्यायचं. ओढून बघणं म्हणजे थोबाडीत मारणं. ही रीत सुन्नाला कोणी शिकवली? लहान असताना तिने एकदा राव्दनाने बांधलेलं ओझं हलवून पाहिलं होतं, तेव्हा तिच्या बोटांवर चापट कोणी मारली होती? पोरगी निघताना गाडीच्या मागे वाकली नाही, कारण मागे मावशीची गाठ होती. आणि परत आल्यावर तिने ती गाठ पाहिली, सोडली आणि काहीच बोलली नाही. हेयकाने चारचौघांत तिला "दामटणारी" म्हटलं तेव्हा खाली बघत उभी राहिली. तेव्हा राव्दना कुठे होती? तिथेच. कॉफी ओतत होती.

पावलं वाजली. सुन्ना आत आली. तोंड वाऱ्याने फुटलेलं, कमरेला पट्टा नव्हता.

"मामा म्हणाला, तुला मदत हवी असेल."

"मामाने आणखी काय सांगितलं?"

"तू सांगणार आहेस म्हणाला."

राव्दना उठून बसली. "हे जुनं कूलंट काढायचंय. बादली धर. तुझं तळ्याचं पाणी आहे यात, रात्री गोठलं तर पत्रे फाटतील."

दोघींनी मिळून कूलंट काढलं. फिकट हिरवं, मिळमिळीत. थर्मोस्टॅट जागेवर बसवला, नवीन भरलं. मग गाडीचं तोंड उचलून ओंडक्यावर टेकवलं, आत अडकलेली हवा वर टाकीकडे यावी म्हणून. राव्दना टाकीत बघत बसली. बुडबुडा यायचा, फुटायचा. मग दुसरा. दोघींच्या वतीने बोलायला बुडबुडे होते.

"पट्टा कुठे आहे?" राव्दनाने विचारलं.

"पेटीत ठेवला."

"का?"

"मळेल म्हणून."

आणखी एक बुडबुडा आला. राव्दनाने तो फुटू दिला आणि म्हणाली, "लेमेतला बोलव. नाही, त्याला नको. मामाला बोलव."

हेयका आला तो कुरकुरतच. "आता काय? झाली ना गाडी?"

"झाली. तिला काही झालंच नव्हतं. बस."

"बसायला वेळ नाहीये."

"मग उभा राहून ऐक. नखं वर बांधलेली होती. मी बांधली होती आणि सोडायची राहिली. तळ्यावर पत्र्यांना बर्फाचा कणसुद्धा मिळाला नाही, म्हणून उकळली. कोणीही चालवली असती तरी उकळली असती. तू चालवली असतीस तरी."

हेयकाने गाडीच्या मागे पाहिलं. "खाली तर आहेत. मी परवाच पाहिलं, तेव्हाही खाली होती."

"टोकाला हात लाव."

तो वाकला, हात लावला. आयुष्यभर बर्फावर काढलेला माणूस, त्याला आणखी सांगावं लागलं नाही. मग सरळ होत म्हणाला, "दोन दिवस तुला माहीत होतं?"

"बघायचं टाळत होते. म्हणजे माहीत होतं."

"चारचौघांत मी हिला बोललो. तू कॉफी ओतत होतीस."

"हो."

"तीन माद्या, राव्दना."

"मला मोजता येतं, दादा."

हेयका सुन्नाकडे वळला. "आणि खाली तू सोडलीस?"

सुन्नाने अंगरख्याच्या खिशात हात घातला. नारिंगी दोरीचा वीतभर तुकडा काढून बाकावर पान्यांच्या शेजारी ठेवला. कापलेला नव्हता. गाठ नीट सोडवलेली होती. दोरीला अजून तिचा पीळ होता.

"बोलायचं नाही का?" हेयकाचा आवाज चढला, मग त्याचा त्यालाच खाली आला. "मी तुझी जागा काढून घेत होतो. तू एक शब्द बोलायचास."

सुन्ना मावशीकडे बघत होती. रागाने नव्हे. राग असता तर राव्दनाला सोपं गेलं असतं. ती बघत होती ते अजून काहीतरी ऐकायचं राहिलंय असं वाटून बघावं तसं. राव्दनाच्या तोंडात शब्द तयार होते, चुकलं माझं, पोरी. पण ते इतके वापरलेले, इतके हलके वाटले की तिने ते गिळले.

"गाडी तयार आहे, मावशी?" सुन्नाने विचारलं. परवाच्याच आवाजात.

राव्दनाने बाकावरचा दिवा उचलला आणि तिच्या हातात दिला. "मला विचारू नकोस. स्वतः बघ. माझी एकूण एक गाठ ओढून बघ."

"राव्दना," हेयका म्हणाला. त्याला ते बघवणार नव्हतं.

"बघू दे तिला."

सुन्ना खाली बसली. आधी टाकीत पाहिलं, बुडबुडे थांबलेत का ते. झाकण उघडून पुन्हा घट्ट केलं. एकेक पाइप चिमटीत धरला, एकेक क्लिप पिळून पाहिली. राव्दनाने नुकत्याच आवळलेल्या क्लिपा, तिच्या डोळ्यांसमोर. मग मागे गेली, आडवी झाली आणि दोन्ही नखं आळीपाळीने वर उचलून सोडली. टण. टण. सामानाची दोरी राव्दनाने बांधली होती तीही ओढून पाहिली. दोरी घट्ट होती. तरी दुसऱ्यांदा ओढली. प्रत्येक ओढीला राव्दनाच्या गालावर काहीतरी बसत होतं आणि ती तोंड फिरवत नव्हती.

सगळं झाल्यावर सुन्ना उठली, दिवा बाकावर ठेवला, हात फडक्याला पुसले. बोटाबोटांतून पुसले.

हेयका खाकरला. "लेमेतला मी सांगतो. त्याला उलट बरंच वाटेल." मग टोपी काढून हातात घेतली. ती त्याने कुणापुढे काढलेली राव्दनाला आठवत नव्हती. "आज रात्री पुढे तू राहशील?"

सुन्नाने बाकाकडे पाहिलं. दोरीचा तुकडा तिथेच होता. तिने हातमोजे उचलले.

"सुन्ना," राव्दना म्हणाली, "मामा काहीतरी विचारतोय."

हातमोजे चढवत सुन्ना दोघांच्या मधून दाराकडे गेली. दार लोटलं. बाहेरचं पांढरं ऊन एकदम आत आलं, तेलाच्या डागांवर, किटलीवर, राव्दनाच्या बधिर बोटांवर. दार तिने गाडी बाहेर काढायला लागेल तेवढं उघडं टाकलं आणि मागे न बघता ती कळपाकडे निघून गेली.